नट सोडण्याआधी हवा सोडा: टिपर, लोडर, डंपरच्या चाकांचं काम

वर्कशॉपला नवा पोरगा आला की त्याच्या हातात पाना द्यायच्या आधी मी त्याला एक हिशेब करायला लावतो. टिपरचा १०.००-२० टायर घ्या. हवा १०० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला १०० पौंड. त्या टायरच्या एका बाजूचं क्षेत्रफळ साधारण १००० चौरस इंच भरतं. गुणाकार केला की १ लाख पौंड, म्हणजे ४५ टन. एवढा जोर आतून ती बाजू बाहेर ढकलत असतो आणि त्यातला मोठा हिस्सा बीडवरून, म्हणजे टायरच्या आतल्या जाड कडेवरून, ती कड अडवणाऱ्या लोखंडी साइड रिंगवर येतो. साइड रिंगला कोण धरून ठेवतं? लॉक रिंग. एका जागी चिरलेली लोखंडी बांगडी, डिस्कच्या, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या लोखंडी चाकाच्या, खाचेत बसवलेली, बस. पोरगा एकदा त्या रिंगकडे बघतो, एकदा माझ्याकडे, आणि मग दोन पावलं बाजूला सरकतो. तिथून शिकवणं सुरू.

मी वणी-घुग्गुस पट्ट्यात कोळसा वाहणाऱ्या टिपरांचं, लोडरांचं आणि बॅकहोंचं चाक-अ‍ॅक्सलचं काम बघतो. इंजिन बंद केलं की थांबतं, बकेट जमिनीवर टेकवली की हायड्रॉलिकचा जोर उतरतो. टायरातली हवा मात्र गाडी महिनाभर कोपऱ्यात उभी असली तरी तेवढ्याच ताकदीने दाबत असते, आणि तिचा आवाजही येत नाही. म्हणून खाली जे लिहितोय त्यात कामाचा क्रम आणि माणसाने उभं राहायची जागा, या दोन गोष्टींवर माझा सगळ्यात जास्त भर आहे. टॉर्क (नट किती जोराने आवळायचा), प्रेशर, ऑइलचा ग्रेड हे आकडे आपापल्या मशीनच्या मॅन्युअलमधून घ्या. प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतात.

गाडी उभी कुठे आणि कशी

आमच्याकडे काळी माती. उन्हाळ्यात दगडासारखी वाटते आणि पहिल्या पावसानंतर जॅक गिळून टाकते. जॅक कधीच उघड्या मातीवर लावायचा नाही. खाली जाड लोखंडी प्लेट किंवा रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचा तुकडा हवा, आणि तोही सपाट बसलेला. जॅकच्या डोक्यावर लोखंडावर लोखंड येतं तेव्हा घसरतं. मॅन्युअलमध्ये जॅक लावायची जी जागा दाखवली आहे तीच घ्या.

जॅक हे फक्त उचलायचं साधन आहे. उचलून झालं की अ‍ॅक्सलखाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, गेली पाहिजे, वजन घोडीवर बसलं पाहिजे, आणि मगच हात आत. बाटली जॅकचं सील कधी दम सोडेल हे कोणीच सांगू शकत नाही. बॅकहोच्या बाबतीत लोक पुढची बकेट आणि मागचे स्टॅबिलायझर (आधाराचे पाय) दाबून मशीन उचलतात आणि तसंच काम उरकतात. उचलायला ते ठीक. पण हायड्रॉलिकचा होज फुटला की मशीन खाली येतं, म्हणून तिथेही घोडी लावायचीच.

टिपरच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेक ड्रायव्हरांच्या लक्षात नसते. हवेच्या ब्रेकच्या गाडीत पार्किंग ब्रेक सहसा मागच्या चाकांवरच असतो. मागचा अ‍ॅक्सल उचलला की ती चाकं हवेत गेली, म्हणजे जमिनीला धरून ठेवणारा ब्रेकच उरला नाही. बटण ओढलेलं असतं, ड्रायव्हर निर्धास्त असतो, आणि गाडी जॅकवरून पुढे सरकते. त्यामुळे मागचं चाक काढायचं तर पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे. रस्त्यावरचा धोंडा उचलून लावू नका, तो गोल असतो आणि चाकाबरोबर लोळतो. तिरकस कापलेले लाकडी ठोकळे प्रत्येक गाडीत असावेत, महाग नाहीत.

मधून वळणाऱ्या व्हील लोडरला पुढच्या-मागच्या धडाच्या सांध्यात लॉक बार असतो. तो लावल्याशिवाय त्या सांध्याजवळ कोणी जायचं नाही. स्टीअरिंगला नुसता धक्का लागला तरी ती फट मिटते. चावी काढून कामाच्या माणसाच्या खिशात, बॅटरीचा स्विच बंद, आणि स्टीअरिंगला पाटी: चाकाचं काम चालू आहे. मालकाचा माणूस घाईत येऊन गाडी चालू करतो, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलं आहे. चावी खिशात असली की वादच उरत नाही.

आधी हवा, मग नट

जोडचाक, म्हणजे एका बाजूला शेजारी शेजारी दोन चाकं, असलं तर दोन्ही टायरांची हवा काढायची, फक्त बाहेरच्याची काढून भागत नाही. बाहेरचंच काढायचंय, आतलं ठीक आहे, मग त्याची हवा कशाला घालवायची, असं नेहमी विचारलं जातं. कारण असं: आतल्या डिस्कला चीर गेली असेल किंवा तिची लॉक रिंग सरकली असेल, तर ती आजवर फक्त नटांच्या आवळणीने आणि बाहेरच्या चाकाच्या आधाराने जागेवर राहिलेली असू शकते. नट ढिले केले की तो आधार जातो आणि आत भरलेली हवा दोन्ही चाकं पाना मारणाऱ्याच्या छातीवर फेकते. बाहेरून बघून आतली चीर कळत नाही. पुन्हा हवा भरायला पंधरा-वीस मिनिटं जातात, एवढीच किंमत.

हवा काढायची पद्धतही ठरलेली आहे. व्हॉल्व्हची टोपी काढा, आणि टायरच्या नक्षीच्या बाजूला उभं राहून, म्हणजे साइडवॉलसमोर (टायरच्या बाजूच्या भिंतीसमोर) न येता, व्हॉल्व्हच्या आतली हवा अडवणारी पिन सैल करा. पिन पूर्ण बाहेर काढायची. नुसती दाबून धरली आणि आवाज थांबला म्हणून हवा संपली असं धरायचं नाही. आता बारकाईने बघा. हवा जोरात बाहेर पडताना थंड होते, तिच्यातली ओल व्हॉल्व्हच्या नळीत गोठू शकते. ट्यूब असेल तर रबराचा चुरा, जुन्या पावडरचा गोळा तोंडाशी अडकतो. खाणीच्या गाडीत कोळशाचा चिखल तर असतोच. आवाज बंद, आणि आत अजून ४० पीएसआय. म्हणून पिन काढल्यावर पातळ, सरळ तार नळीतून आत घालायची, वरखाली करायची, परत फुस्स आवाज आला तर थांबायचं, पुन्हा घालायची. चेहरा नळीच्या तोंडासमोर आणू नका, आत अडकलेलं काहीही गोळीसारखं बाहेर येतं. तार मोकळी आत-बाहेर होते आणि टायर हाताने दाबला तर लवतो, तेव्हा हवा संपली.

आमच्या वर्कशॉपला ती तार पिवळ्या रंगाची आहे आणि फळीवर खिळ्याला टांगलेली असते. चाकाचं काम चालू असताना ती त्या चाकाच्या व्हॉल्व्हमध्येच खोचलेली दिसली पाहिजे. मी लांबून नुसती नजर टाकतो. तार दिसली नाही तर काम थांबवतो, मग गाडीचा मालक समोर कितीही ओरडत असो.

शेतीच्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात वजनासाठी पाणी भरलेलं असतं. १६.९-२८ मध्ये दोनशे लिटरच्या आसपास, म्हणजे चाकाचं वजन दोनशे किलोने वाढलेलं. आधी चाक फिरवून व्हॉल्व्ह वर आणा, हवा काढा, मग खाली आणून पाणी सोडा.

गॅस कटर चाकापासून लांब

हे मी मनापासून लिहितोय, कारण या चुकीची माणसाला दुसरी संधी मिळत नाही. नट गंजून बसला, पाना फिरत नाही, पाइप घालून लोंबकळून झालं. मग कोणी तरी म्हणतो, गॅसने गरम करू, सैल होईल. किंवा डिस्कला चीर दिसली, वेल्डिंगचा एक टाका मारू, टायर आहे तसाच राहू दे.

टायर चढलेल्या डिस्कला आग दाखवायची नाही. हवा भरलेली असो, नसो, पिन काढलेली असो, कुठलीच सूट नाही. डिस्क तापली की तिला चिकटलेलं आतलं रबर तापतं, विघटन होऊन त्यातून जळणारे वायू सुटतात आणि टायरच्या पोकळीत साठतात. तिथे ऑक्सिजन असतोच. ठरावीक तापमानाला ते मिश्रण आपोआप पेटतं आणि स्फोट होतो. तो हवेच्या नेहमीच्या दाबापेक्षा कित्येक पट मोठा असतो, आणि एवढा झटपट की व्हॉल्व्हच्या छोट्या भोकातून दाब बाहेर पडायला वेळच मिळत नाही. त्यामुळे पिन काढली म्हणजे वाचलो, हा समज अगदी चुकीचा. आणखी वाईट गोष्ट अशी, की ही क्रिया ज्योत काढून घेतल्यावरही आत चालू राहू शकते. वेल्डर साहित्य आवरून चहाला गेलेला असतो, हेल्पर चाकाला टेकून बसलेला असतो, आणि मग स्फोट होतो.

नट अडकला तर नट फोडायचं हायड्रॉलिक साधन मिळतं. गंज सोडवणारं तेल रात्रभर सोडा. अगदीच नाही तर छिन्नीने नट चिरा, स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) जाऊ द्या, नवा टाका. डिस्कच्या चिरेला मात्र वेल्डिंग टायर उतरवूनही करायचं नाही. ती डिस्क भंगारात.

हीच भीती दोन इतर प्रसंगांत असते. ब्रेक चिकटून ड्रम लाल झाला, रबराचा वास येतोय, धूर दिसतोय. किंवा टिपरचा डाला वर असताना विजेच्या तारेला लागला. वणीहून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर वजन रिकामं करताना वरच्या तारेकडे बघायची सवय हवीच. करंट टायरातून जमिनीत जाताना आतलं रबर जाळतो आणि बाहेरून काही दिसत नाही. अशा गाडीपासून सगळ्यांना ३०० मीटर लांब न्यायचं आणि २४ तास जवळ जायचं नाही. मोठ्या टायरांसाठी बऱ्याच ठिकाणी हेच अंतर आणि हीच मुदत सांगितली जाते. पाणी मारून थंड करायला जाऊ नका. मोठ्या डंपरांच्या टायरात नायट्रोजन भरतात त्याचं एक मोठं कारण हेच: आत ऑक्सिजन नसला की पेटायला साथ मिळत नाही.

डिस्क, साइड रिंग, लॉक रिंग

हवा गेली, नट सुटले, चाक खाली आलं. १०.००-२० चं चाक डिस्कसकट शंभर किलोच्या वर जातं, दोघं मिळून लोळवतात. पण २३.५-२५ लोडरचं चाक तीन-चारशे किलोच्या वर, आणि शंभर टनी डंपरचा २७.००-४९ टायर एकटा दीड टनाच्या आसपास. तिथे हायड्रा क्रेन किंवा टायर पकडणारा फोर्कलिफ्टच हवा. चाक उभं सोडून कोणी कुठे जायचं नाही. ते पडायला लागलं तर धरायला जाऊ नका, बाजूला व्हा.

टायर उतरवल्यावर लोकांचं लक्ष टायरकडेच जातं. माझं आधी डिस्ककडे जातं. खाच बघा. लॉक रिंग जिथे बसते त्या खाचेत कोळशाची भुकटी, गंज आणि जुना रंग यांचा थर दाबून बसलेला असतो, एकदम काळा आणि गुळगुळीत, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला तोच खाचेचा तळ वाटतो. तारेचा ब्रश मारा, मग स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने उकरा. पापुद्रे निघतात. खाली खरं लोखंड लागेपर्यंत उकरायचं. तो थर तसाच राहिला तर लॉक रिंग खाचेत अर्धवट बसते, वरून बसल्यासारखी दिसते, आणि हवा भरताना सुटते.

चीर शोधायला बाजारात डाय पेनेट्रंटचे डबे मिळतात, ते उत्तम. नसतील तर जुनी रीत वापरा: साफ केलेल्या जागेवर रॉकेल किंवा डिझेल लावायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं, फडक्याने कोरडं पुसायचं, मग खडू घासायचा. चिरेत शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळी रेघ उमटते. नटांच्या भोकांभोवती, खाचेच्या कोपऱ्यात आणि डिस्कला वळण असतं तिथे हे नक्की करा. नंतर ते तेल साबणाने धुऊन काढा, रबराला आणि ठिणगीला दोन्हीला ते नको.

लॉक रिंग सपाट फरशीवर ठेवून बघा. एखादं टोक उचललेलं दिसलं, कडा झिजून धारदार झाली असेल, कोणी हातोडीने चेपून सरळ केली असेल, तर फेकून द्या. आणि फेकायच्या आधी तोडा, नाहीतर कोणीतरी उचलून परत वापरतो. एका डिस्कची रिंग दुसऱ्या बनावटीच्या डिस्कला लावायची नाही. व्यास सारखा दिसतो, खाचेचा आकार वेगळा असतो. भंगारातून "बसते ना" म्हणून आणलेल्या रिंगांनी घडलेले अपघात मी ऐकले आहेत, आणि त्यानंतर त्या माणसांच्या घरी गेलोही आहे.

हवा भरताना

बीडला टायरचा साबण किंवा वनस्पतीजन्य वंगण लावा. ग्रीस, डिझेल, इंजिन ऑइल नको. रबर फुगतं आणि बीड डिस्कवर घसरतो. ट्यूबलेस टायरचा बीड बसत नाही म्हणून पेट्रोल किंवा इथर फवारून काडी लावायचा जो प्रकार लोक मोबाइलवर बघतात, तो आमच्या वर्कशॉपला कोणी केला तर त्याचं काम त्याच दिवशी संपतं.

पहिल्यांदा फक्त ५ पीएसआयच्या आसपास हवा भरा. थांबा. लॉक रिंग पूर्ण गोलात खाचेत बसली का बघा, तोंडाची फट सारखी आहे का बघा. बसली नसेल तर हवा पूर्ण काढा, मग हात लावा. हवा असताना हातोडीने ठोकून रिंग बसवायची नाही. हायवेवरच्या टपऱ्यांमध्ये ही सवय मुरलेली आहे: एका हातात हवेची नळी, दुसऱ्यात हातोडी, आणि रिंगवर टक-टक. ठोक्याने रिंग बसते तशीच ठोक्याने सुटते, आणि तेव्हा माणूस तिच्या वरच वाकलेला असतो.

रिंग नीट बसल्याची खात्री झाली की चाक सेफ्टी केजमध्ये, म्हणजे सुटलेली रिंग अडवणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यात, आणि मग पूर्ण हवा. नळीच्या टोकाचा चक टायरच्या व्हॉल्व्हला आपोआप धरून राहणारा, क्लिपचा पाहिजे, नळी किमान तीन मीटर, गेज आणि नळीचा व्हॉल्व्ह तुमच्या हाताशी. उभं राहायचं नक्षीच्या रेषेत, लांब. केजला टेकून, केजमध्ये हात घालून, केजवर पाय ठेवून उभं राहायचं नाही. रेग्युलेटर लावलेला नसेल तर नळी लावून दुसऱ्या कामाला जाऊ नका.

केज घरच्या सळ्या वेल्ड करून बनवू नका. सुटलेली रिंग सळी वाकवून बाहेर येते. तयार केज मिळतो. एका टायरच्या किमतीशी त्याची तुलना करून बघा आणि मग तो महाग वाटतो का ते मालकांनी सांगावं. हायवेवर काम करणाऱ्या पोरांकडे केज नसतो हे मला माहीत आहे. तिथे निदान एवढं करा: ५ पीएसआयला रिंग तपासा, साखळदंड डिस्कच्या भोकांतून टायरभोवती गुंडाळा, रिंगची बाजू जमिनीकडे करा, माणसं हटवा, लांबून भरा. हे केजइतकं सुरक्षित नाही, आणि मोठ्या लोडरच्या चाकाला तर अजिबात पुरेसं नाही.

स्टील रेडियल टायरची गोष्ट वेगळी. कमी हवेवर लोड घेऊन धावलेल्या टायरच्या साइडवॉलमधल्या तारा आतून तुटतात. बाहेरून टायर चांगला दिसतो. हवा भरली की साइडवॉल पँटच्या चेनसारखी उसवते. म्हणून ज्या टायरात ठरलेल्या हवेच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवा राहिली होती, तो तसाच जागेवर भरायचा नाही. उतरवून, आतून हात फिरवून, प्रकाशात बघून, मग केजमध्ये. अमेरिकेच्या ओशाच्या (कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या) नियमातही ८० टक्क्यांची हीच रेषा आहे. भरताना तडतड, पॉपकॉर्न फुटल्यासारखा आवाज आला तर जवळ न जाता हवा सोडा आणि टायर बाद करा.

हवा थंड टायरात मोजायची. चंद्रपूर-वणीत मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो, टिपर खेपा मारून येतो तेव्हा गेज दहा-पंधरा पीएसआय जास्त दाखवतं. ती हवा कमी करू नका. रात्री टायर थंड झाला की तो कमी हवेवर राहतो आणि सकाळी लोड घेऊन निघतो, म्हणजे साइडवॉलच्या तारा तुटायची सुरुवात तुम्हीच करून दिली.

हब उघडताना

चाक निघालं की लगेच ड्रमला फुंकर मारायची नाही. ब्रेकची धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने किंवा पाणी-साबणाने साफ करा. मागच्या ब्रेकचा स्प्रिंग चेंबर उघडू नका, त्यात दाबून ठेवलेली जबरदस्त स्प्रिंग असते. बोल्टने बंदिस्त केल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, आणि ते काम शिकलेल्या माणसाचंच. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो फिरणारा मधला भाग, हाताने फिरवायला ब्रेक सोडावा लागतो, म्हणून ठोकळे लावलेत ना, ते पुन्हा एकदा बघा.

कॅप, लॉक नट, वॉशर, नट आणि बाहेरचं बेअरिंग या क्रमाने काढा आणि त्याच क्रमाने स्वच्छ कागदावर मांडा. मळक्या बाकड्यावर ठेवलेलं बेअरिंग मी परत धुवायला लावतो. हब जड असतो, पुलर लावा आणि खाली आधार द्या. बेअरिंगची रेस, म्हणजे हबमध्ये बसलेली बाहेरची कडी, पितळी पंचाने काढा. कडक पोलादावर कडक हातोडी मारली की ठिकरी उडते, आणि ती नेमकी डोळ्यात जाते. चष्मा सोबत असतो, टोपीवर चढवलेला. तो डोळ्यांवर पाहिजे.

बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलं की कॉम्प्रेसरची हवा मारून भिर्र फिरवायची पोरांना हौस असते. करू द्यायचं नाही. कोरडं बेअरिंग त्या वेगाने फिरलं की रोलरांवर ओरखडे येतात आणि रोलरांना धरणारा बेअरिंगचा केज तुटला तर रोलर बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात. हवेचा झोत आडवा, बेअरिंग हाताने घट्ट धरून.

आता बेअरिंग उजेडात धरा आणि एकेक रोलर फिरवून बघा. निळसर-जांभळी झाक म्हणजे तापलं आहे, गेलं. बारीक खड्डे, पापुद्रे म्हणजे गेलं. रेसवर रोलरांच्या अंतराने उमटलेल्या रेघा म्हणजे गेलं. एक बदललं तर त्याची रेससुद्धा बदला, जोडी जोडीनेच टिकते. रेस हबमध्ये बोटाने फिरत असेल तर हब बाद. पंच मारून घट्ट करायचा उपाय दोन खेपा टिकतो. ऑइल सील दर वेळी नवा. त्याच्या ओठाला थोडं ग्रीस लावा, सरळ दाबून बसवा.

ग्रीस बेअरिंगच्या रोलरांमध्ये तळहाताने दाबून भरायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. हबच्या पोकळीत मात्र ठासून भरायचं नाही. तापल्यावर ते जागा शोधतं, सील फाडून ब्रेकच्या लायनरवर येतं, आणि उतारावर ब्रेक लागत नाही.

नट आवळताना हब दोन्ही दिशांना फिरवत आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग मॅन्युअलमध्ये सांगितला तेवढा मागे घ्यायचा. ट्रकच्या हबमध्ये सहसा अगदी थोडी मोकळीक ठेवतात, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी. ती हाताच्या अंदाजाने कळत नाही, डायल गेज लावा. घट्ट ठेवलेलं बेअरिंग पहिल्या दिवशीच जळतं. लॉक वॉशरची जीभ नीट वळवा. जुनी स्प्लिट पिन परत घालू नका.

बॅकहो आणि लोडरच्या मागच्या हबात प्लॅनेटरी गिअर ऑइलमध्ये चालतात. ऑइल कोमट असताना बदला, उकळतं नको. बऱ्याच हबच्या तोंडावर लेव्हलची रेघ कोरलेली असते. चाक असं फिरवा की ती आडवी येईल, तेव्हा प्लगच्या भोकापर्यंत ऑइल हवं. प्लग हळू सोडा, आत दाब साठलेला असतो, आणि तोंड बाजूला ठेवा. प्लगच्या चुंबकावर राखाडी पेस्ट असली तर नेहमीची झीज समजा. चमकणारे कण, तुकडे असतील तर हब उघडल्याशिवाय गाडी परत पाठवू नका. रात्रपाळीला कोळसा हलला पाहिजे म्हणून दबाव येतो, तो मी माझ्यावर घेतो, फिटरवर येऊ देत नाही.

चाक परत चढवताना

डिस्क, ड्रम आणि हबचे जुळणारे पृष्ठभाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करा. रंगाचा जाड थर असेल तर खरवडा, कारण तो चालताना दबतो आणि नट आपोआप ढिले पडतात. तुटलेल्या स्टडच्या दोन्ही शेजाऱ्यांवर जास्तीचा ताण आलेला असतो, तिन्ही बदला. जुन्या काही गाड्यांत डाव्या बाजूच्या स्टडला उलटे आटे असतात. टोकावर खूण बघा, नाहीतर सोडायच्या नादात आवळत बसाल. जोडचाकाचे व्हॉल्व्ह हाताला येतील असे समोरासमोर ठेवा. जोडीत एक नवा जाड आणि एक झिजलेला टायर लावू नका, सगळा भार जाड्यावर येतो. दोन टायरांमध्ये अडकलेला दगड दिसला तर चालता-चालता तो मागच्या मोटारसायकलवाल्यावर उडणार आहे, तिथेच काढा.

सगळे नट आधी हाताने. मग समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे. नट आवळायच्या हवेच्या गनने शेवटपर्यंत मारून मोकळं व्हायचं नाही. गन फक्त टेकवण्यापुरती, शेवटचा टॉर्क पान्याने, गाडी जमिनीवर टेकल्यावर. आट्यांना तेल लावायचं की कोरडे ठेवायचे हे मॅन्युअल सांगतं, कारण तेल लावलेल्या स्टडवर तोच टॉर्क कितीतरी जास्त ताण देतो.

टिपर पहिली खेप मारून आला, म्हणजे ५० ते १०० किलोमीटर झाले, किंवा लोडरचे आठ-दहा तास चालून झाले, की नट पुन्हा तपासायचे. मी टायरवर खडूने तारीख आणि "नट बाकी" असं लिहून ठेवतो, आणि तपासल्यावरच ते पुसायला परवानगी आहे. त्यानंतर रोज सकाळी ड्रायव्हरने गाडीभोवती फेरी मारताना नटांकडे बघावं: नटाखालून तांबूस ओघळ आला असेल, नटाभोवतीचं लोखंड चकचकीत घासलेलं दिसत असेल, किंवा भोक लांबट झालं असेल, तर गाडी तिथेच उभी करा आणि वर्कशॉपला फोन करा.